संपत कामाला लागला तेव्हा

"मॅडम, थोडासा दिव्यांग माणूस मिळेल का?"

एका कंपनीच्या एचआर साहेबांनी मला फोनवर हे अगदी गंभीरपणे विचारलं होतं. थोडासा म्हणजे कसा, असं मी विचारलं तर म्हणाले, "म्हणजे बाहेरून कोणी पाहुणे आले की बघितल्याबरोबर लक्षात यायला हवं, पण कामात काही अडचण नको." मी त्यांच्याकडे एका पायाने लंगडणारा, चलाख हाताचा एक तरुण पाठवला. त्यांनी घेतला. वर्षभरात शेजारच्या कंपनीने तो पळवला, तेव्हा त्याच साहेबांचा पुन्हा फोन. "मॅडम, तसलाच अजून एक आहे का?"

अशा फोनांवर माझी नोकरी चालायची. निगडीला प्राधिकरणात एका बंगल्याच्या तळमजल्यावर आमची लहानशी संस्था होती. अपंग माणसांना कामासाठी तयार करायचं आणि पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंतच्या कंपन्यांत नोकरी मिळवून द्यायची, हे आमचं काम. माझ्या पदाचं नाव होतं जॉब कोच. माझ्या सासूबाई बाहेर सांगताना "ती कोचिंग क्लास घेते" असं सांगायच्या आणि मीही कधी दुरुस्त केलं नाही. खरं तर काम अगदी साधं होतं. ज्याला नोकरी लागायची त्याच्या आधी मी स्वतः त्या कंपनीत जायचे, ते काम हाताने करून शिकायचे, मग त्याच्यासोबत उभी राहून त्याला शिकवायचे आणि त्याला जमायला लागलं की हळूहळू मागे सरकायचे. आधी दोन हात लांब, मग भिंतीपाशी, मग कॅन्टीनमध्ये, मग घरी. या नोकरीत मी नट आवळले, वायरी सोलल्या, टॉवेलांच्या घड्या घातल्या, एका हॉटेलात महिनाभर चमचे पुसले. आजही लग्नाच्या पंगतीत चमचा हातात आला की आधी उजेडात धरून बघते.

सगळ्यांनाच कामं लागली असं नाही. एका अंध मुलीला घेऊन मी जवळजवळ प्रत्येक ऑफिसची पायरी चढले. उत्तम टायपिंग, उत्तम आवाज, एम. ए. झालेली. प्रत्येक ठिकाणी चहा मिळायचा, कौतुक व्हायचं आणि "कळवतो" म्हणायचे. शेवटी ती लग्न होऊन साताऱ्याकडे गेली. बरी आहे असं ऐकते, पण ते 'कळवतो' मला अजून ऐकू येतं. निवृत्त झाल्यावर लोक विचारतात, समाधान वाटतं का? तेव्हा मी एकदम हो म्हणत नाही. मला आधी ती मुलगी आठवते आणि मग संपत आठवतो. मग मी हो म्हणते.

संपत चाकणजवळच्या निघोज्याचा. वय पस्तिशीच्या आसपास, अंगाने दणकट. समज मात्र लहान मुलाएवढीच वाढलेली. आईवडील गेलेले. थोरला भाऊ बाळासाहेब, त्याला सगळे दादा म्हणत, पिकअप चालवायचा. दादाची बायको मंगल, आणि त्यांची कॉलेजात जाणारी मुलगी. गावाची बरीच जमीन कंपन्यांकडे गेली तशी यांचीही गेली. जमीन होती तोवर घरात म्हशी होत्या आणि म्हशी होत्या तोवर संपतला काम होतं. सकाळी म्हशी घेऊन जायचा, दुपारी पाण्यावर न्यायचा, संध्याकाळी परत आणायचा. चारायला रान उरलं नाही म्हणून म्हशी विकल्या. त्या दिवसापासून संपत रिकामा झाला.

मंगल वहिनी आमच्या ऑफिसात पहिल्यांदा आल्या तेव्हा दारातच चपला काढून उभ्या राहिल्या. मी आत बोलावलं तर बसायच्या आधीच बोलायला लागल्या.

"माझ्या दिरासाठी आलेय, मॅडम. दिवसभर रोडला उभा राहून गाड्यांना हात करतो. न्हाईतर घरात आदळआपट. परवा टीव्ही फोडला. त्याला काम पायजे."

मी नेहमीचं सांगायला लागले. पगार सुरुवातीला फार मिळत नाही, ट्रेनिंगमध्ये तर काहीच नाही. त्यांनी मला मध्येच थांबवलं.

"मी पगाराचं कुठं बोलले? कामाचं बोलतीये मी."

त्या वेळी चाकण एमआयडीसीत गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्याशी आमचं बोलणं चाललं होतं. तिथे प्लास्टिकचे क्रेट यायचे. लाल, निळे, पिवळे. सुटे भाग त्यांतून मोठ्या कंपन्यांकडे जायचे आणि रिकामे क्रेट तेलकट होऊन परत यायचे. ते धुवायचे, रंगाप्रमाणे वेगळे करायचे, एकावर एक रचायचे. या कामावर माणूस टिकत नसे, कारण दोन आठवड्यांत कंटाळायचा. एचआरचे शिर्के साहेब तसे सरळ गृहस्थ, पण घाबरट. ते म्हणाले, "मॅडम, एक माणूस घेऊन बघू. नीट चाललं तर अजून घेऊ. पण काही लफडं झालं ना, तर वरून मला विचारतील, आणि मग हा विषयच बंद."

आमच्याकडे त्या वेळी संपतसारखी आणखी काही मुलं वाट बघत होती. त्यांचे आईबाप दर आठवड्याला फोन करत. म्हणजे संपतच्या मागे ही सगळी रांग उभी होती, आणि हे त्याला माहीत नव्हतं तेच बरं होतं.

क्रेट त्याला लगेच जमले. रंग तो कधीच चुकला नाही. रचताना एखादा क्रेट तिरका बसला तर सगळी चळत उतरवून पुन्हा रचायचा. मी त्याच्याबरोबर रोज पाण्यात हात घालून क्रेट घासत होते आणि मनात म्हणत होते, चला, सुटलो.

गाडं अडलं ते बुटांवर. कारखान्यात सेफ्टी शूजशिवाय कोणालाच प्रवेश नाही, आणि संपत बूट घालेना. सुरुवातीचे काही दिवस कसेबसे घातले आणि मग एका सकाळी गेटवरच काढून भिरकावले. "नको." बस, एवढंच. घातले की काढायचा, पुन्हा घातले की दूर फेकायचा. शिर्के साहेबांनी हात वर केले. "बुटांच्या बाबतीत मी काही करू शकत नाही, मॅडम. उद्या पायावर काही पडलं तर?" ते बरोबरच होतं. आमच्या संस्थेतल्या एका तज्ज्ञ बाईंनी सांगितलं की त्याला नव्या गोष्टीची सवय नाही, बक्षीस ठेवा. मी बूट घातल्यावर चॉकलेट द्यायला लागले. संपत चॉकलेट खायचा आणि बूट काढायचा.

चार दिवसांनी वहिनींचा फोन आला.

"मॅडम, पाय सोललाय त्याचा. आज पाय धुताना बघितलं. करंगळी पार लाल झालीये."

"मग तो दुखतंय म्हणून बोलला का नाही?"

"त्यो दुखतंय म्हणत न्हाई कधीच. लहानपणापास्नं नकोच म्हणतो. दाढ दुखायची तवाबी जेवण नको म्हणायचा."

जन्मभर रानात अनवाणी फिरलेला माणूस. पंजा हा एवढा रुंद पसरलेला. कंपनीने त्याला लांबी मोजून बूट दिले होते, रुंदी कोणी मोजली नव्हती. भोसरीला सेफ्टीचं सामान विकणाऱ्या एका दुकानात रुंद पंजाचे बूट मिळाले. ते संपतने घातले, दोन पावलं टाकली, खाली बघितलं आणि चालायला लागला. पुढे नव्या मुलींना हे काम शिकवताना मी एकच गोष्ट घोकून घ्यायचे. माणूस नाही म्हणाला तर त्याच्या स्वभावाकडे जायच्या आधी त्याला कुठे दुखतंय का ते बघा.

तीनेक महिन्यांत मी भिंतीपासून कॅन्टीनपर्यंत आणि कॅन्टीनपासून घरापर्यंत सरकले. कंपनीच्या बसने जायला-यायला शिकवलं. सुटी झाली की लॉकर, मग कॅन्टीनच्या बाजूने जमिनीवरच्या पिवळ्या पट्ट्यावरून चालत मागच्या आवारात, तिथे बस उभी असते, तिच्यात बसायचं, निघोज्याच्या फाट्यावर उतरायचं. फाट्यावर वहिनी उभ्या असायच्या. सगळं सुरळीत चाललं होतं. शिर्के साहेबांनी आणखी दोघांना घ्यायची तयारी दाखवली होती.

आणि एका दुपारी वहिनींचा फोन आला. आवाज ओळखू येईना.

"बस आली, मॅडम. संपत उतरलाच न्हाई."

मी स्कूटर काढली. तळवड्याच्या चौकात नेहमीसारखी कोंडी होती. तिथे अडकल्या अडकल्या शिर्के साहेबांना फोन लावला. ते म्हणाले, "पहिली शिफ्ट सगळी बाहेर पडली मॅडम. त्याचं पंचिंग झालंय. आत कोणी नाही." म्हणजे तो बाहेर होता. बाहेर म्हणजे चाकणचा रस्ता, त्यावरून धावणारे कंटेनर आणि ट्रेलर. गाड्यांना हात करायची त्याची जुनी सवय मला आठवली. इंद्रायणीच्या पुलावरून जाताना मी खाली पाण्याकडे बघितलं. का बघितलं ते मला तेव्हाही समजत होतं आणि त्याची लाजही वाटत होती.

कंपनीच्या गेटवर पोचले तोवर दादा पिकअप घेऊन आला होता. त्याने मित्रांना फोन करून ठेवले होते, कोणी तळेगाव रोडला, कोणी आळंदी फाट्याकडे बघत होतं. मला बघून तो गाडीतून उतरलासुद्धा नाही.

"मॅडम, घरी व्हता तवा निदान दिसत तरी व्हता," एवढंच बोलला आणि गाडी वळवून निघून गेला.

शिर्के साहेब गेटवरच्या केबिनमध्ये कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग बघत होते. शिफ्ट सुटली की गेटमधून जी झुंबड बाहेर पडते तिच्यात सगळ्यांचे एकसारखे निळे शर्ट. कुठलाही पाठमोरा माणूस संपतच वाटायचा. शिर्के साहेबांच्या कपाळावर घाम होता. मला माहीत होतं, ते दुसऱ्या दिवशीच्या मीटिंगचा विचार करत होते. मी वाट बघत बसलेल्या त्या मुलांच्या आईबापांचा विचार करायचा नाही असं ठरवून त्यांचाच विचार करत होते.

"बस रोजच्या जागी उभी होती ना?" मी गेटवरच्या जाधवांना विचारलं.

"न्हवती की, मॅडम," जाधव म्हणाले. ते बीडकडचे. "आज नवीन मशीन घेऊन ट्रेलर आलाय ना, त्यो मागं उभा केलाय. बस बाहेर रोडला लावली होती. सगळ्यांना सांगितलं होतं लाइनवर."

सगळ्यांना सांगितलं होतं. पण लाइनवर सांगतात म्हणजे कोणीतरी मशीनच्या आवाजात ओरडतं, "ए, बस बाहेरे रे आज!" आणि बाकीचे समजून घेतात. संपत कसा समजून घेणार?

मी व्हिजिटर पास न घेताच आत गेले. जाधव मागून हाक मारत राहिले. लॉकरपाशी गेले, पंचिंगचं मशीनही तिथेच आतमध्ये होतं, आणि तिथून, त्याला शिकवताना चालायचे तशी, पिवळ्या पट्ट्यावरून चालायला लागले. कॅन्टीन गेलं, क्रेटचा ढीग गेला, मागचं आवार आलं. समोर तो अजस्र ट्रेलर आडवा उभा होता. पट्टा त्याच्या खाली जात होता. मी वळसा घालून पलीकडे गेले.

भिंत आणि ट्रेलर यांच्या मधल्या चिंचोळ्या जागेत, कट्ट्यावर, डब्याची पिशवी मांडीवर घेऊन संपत बसला होता.

मी त्याच्या शेजारी कट्ट्यावर बसले. त्याने माझ्याकडे बघितलं आणि तक्रार केली.

"बस न्हाई आली."

"हो रे बाबा. नाही आली."

"भूक लागली."

मी वहिनींना फोन लावला. "सापडला. आतच आहे. ठणठणीत आहे." पलीकडून नुसता हुंदका, आणि मग एकदम, "जेवलाय का त्यो?"

मागून धावत आलेले शिर्के साहेब ट्रेलरच्या कोपऱ्याशी थांबले. गुडघ्यांवर हात टेकून थोडा वेळ नुसते धापा टाकत राहिले. आता ते काय बोलणार ते ऐकायची मी तयारी ठेवली होती. ते आले, संपतच्या दुसऱ्या बाजूला कट्ट्यावर बसले आणि म्हणाले, "बस बदलली तर त्याला हाताला धरून सांगायला हवं होतं. हे आमचं काम होतं, मॅडम." मग संपतला म्हणाले, "चल, कॅन्टीनमध्ये काय आहे बघू." दुसऱ्या दिवसापासून त्यांनी प्रत्येक नव्या माणसाला एक जोडीदार लावून दिला. जोडीदार बसमध्ये नसेल तर बस हलवायची नाही, असा नियम केला. तो आजही चालू आहे, आणि त्याचा फायदा म्हणे सगळ्यात जास्त मोबाइलवर बोलत मागे राहणाऱ्यांना झाला.

पण त्या संध्याकाळी अजून एक परीक्षा बाकी होती. मी संपतला घेऊन घरी गेले. वहिनींनी त्याला दारातच कवटाळलं, मग पाठीत एक धपाटा घातला. दादा ओट्यावर बसला होता. डोळे लाल झालेले.

"उद्यापासून कंपनी बंद," तो म्हणाला. "लई झालं. आमच्या घरात खायला हाय. माझा भाऊ मला जड न्हाई."

मी काही बोलणार तेवढ्यात वहिनी उंबऱ्यातून बोलल्या. आवाज चढलेला नव्हता.

"तुमाला जड न्हाई. तुमी गाडी घेऊन जाता सकाळी. घरी कोण असतं?"

दादाने वर बघितलं.

"लग्न करून आले तवापास्नं मी त्याला सोडून कुठं गेले ते सांगा. माझ्या बहिणीच्या लग्नात हळदीलाबी राहता आलं न्हाई मला. मी कधी बोलले? त्यो माझ्या लेकरासारखाच हाय. पण त्यो कामाला जायला लागला आन् मला दुपारी एकटीला बसून चहा पिता आला. चहा, आवं! तेवढाच. त्यो मी सोडायची न्हाई."

मला वाटतं, हे दादाच्या कधी लक्षातच आलं नव्हतं. वाईट माणूस नव्हता तो. घरात जे नीट चाललेलं असतं ते कोण चालवतंय हे आपण कुठे बघतो?

"संपतला विचारलंय का कोणी?" मी म्हणाले.

दादाने संपतला जवळ बोलावलं. डोक्यावरून हात फिरवला. "उद्या जायाचं का रं? का ऱ्हातो घरी माझ्यासंगं?"

संपतने भावाकडे असं बघितलं की जणू त्याने काहीतरी अगदीच अडाणी विचारलंय.

"उद्या पिवळे यायचेत," तो म्हणाला आणि जेवायला आत गेला.

दादा आधी हसला, मग तोंडावर उपरणं ओढून रडला. वहिनींनी मला चहा दिला. गोड, दाटसर, म्हशीच्या दुधाचा. ते दूध आता विकत आणलेलं असायचं. मी स्कूटरवरून निगडीला परत येताना पुलावर क्षणभर थांबले आणि नुसता श्वास घेतला.

त्यानंतर शिर्के साहेबांनी एकेक करत आमची आणखी मुलं घेतली. कोणी टिकली, कोणी नाही. संपत टिकला. काही महिन्यांनी वहिनींचा फोन आला, पण या वेळी आवाज वेगळा होता, थोडा लाजरा.

"मॅडम, एक विचारायचं व्हतं. माझ्यासाठीबी बघा की काय तरी."

"तुमच्यासाठी? वहिनी, आमच्याकडे फक्त..."

"मला माहितीये तुमच्याकडं कुणाला घेत्यात. पण तुमाला चार लोकं वळखतात का न्हाई?"

मी ओळखीतल्या एका रोपवाटिकेत शब्द टाकला. मोईजवळ होती, त्यांना हाताला सफाई असलेल्या बायका हव्याच होत्या. वहिनींनी तिथे काय सांगितलं, केव्हा गेल्या, यातलं मला पुढे काही समजलं नाही. मीही माझ्या कामात होते आणि लवकरच निवृत्त झाले.

मागच्या वर्षी दिवाळीच्या आधी कशासाठी तरी चाकणला गेले होते. येताना वाटलं, फराळाचं थोडं नेलंय बरोबर, निघोज्याला डोकावावं. कळवलं नव्हतं. त्यांच्या अंगणात स्कूटर लावली, डबा हातात घेतला, ओटा चढले.

दाराला कुलूप होतं.

मी वेड्यासारखी त्या कुलपाकडे बघत राहिले. शेजारच्या अंगणात एक म्हातारबाबा ज्वारी निवडत बसले होते. त्यांनी मान वर केली.

"कुणी न्हाई, बाई. बाळासायेब गाडीवं, पोरगी कालेजात, मंगल रोपवाटिकेत, आन् संपत त्याच्या कंपनीत. समदी कामावं." मग डोळे बारीक करून हसले. "त्या घराला कुलपाची कदी गरजच न्हवती बगा. कुणी ना कुणी असायचंच त्या पोरापाशी. मंगल कामाला निघाली त्या दिशी घरात कुलूपच गावंना. बाळासायेब चाकणला जाऊन इकत घेऊन आला."

मी फराळाचा डबा त्या बाबांकडे ठेवायला दिला, पदराने तोंड पुसलं आणि घरी आले.